राखणीचा नारळ

सुरभीच्या आजोबांचं, धाकलूंचं, खालापूरजवळचं शेत द्रुतगती मार्गाखाली गेलं, पण शेताच्या राखणदार देवाला त्यांनी कधी उपाशी ठेवलं नाही. दर श्रावणात कुंपण ओलांडून ते दुभाजकापाशी नारळ ठेवून यायचे. कॅमेऱ्याला माणूस दिसला की रस्त्यावरच्या फलकावर आपोआप 'वेग कमी करा' उमटायचं, आणि नियंत्रण कक्षात कामाला असलेल्या सुरभीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

यंदा होळीत आजोबा वारले. श्रावणात एका दुपारी फलक पुन्हा उजळला. पडद्यावर माणूस कुठेच नव्हता, गाड्या मात्र मंदावत होत्या. तिने घरी फोन लावला.

"आजी, राखणीचा नारळ दिला का गं?"

"नाय गं. तेच जायचे ना दरसाल."

फलकावरची सूचना पुसायला पुढे केलेला हात सुरभीने मागे घेतला. आजोबांना रस्ता ओलांडायला वेळ लागायचा.