परतबोल मामा

मामांना काहीही सांगा, आधी ते तेच तुम्हाला परत ऐकवायचे आणि मगच उठायचे. त्यांनी तुम्हाला काही सांगितलं, तर तुम्ही ते परत म्हणेपर्यंत समोरून हलायचे नाहीत. कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर चहा सांगायचा तरी तेच. "दोन चहा, एक बिनसाखरेचा. परत बोल." ढाबेवाला वैतागायचा, "मामा, चहाच हाय, औषध न्हाई!" पण परत बोलायचा. आमच्या हळदीच्या कारखान्यात या जुन्या फिटरचं नावच परतबोल मामा पडलं होतं.

मी डिप्लोमा करून तिथं लागले, तेव्हा मालकांनी नुकतीच सगळी यंत्रं एका कॉम्प्युटरला जोडली होती. काचेच्या खोलीत बसून मी बटण दाबायचे आणि खाली शेडमध्ये पॉलिशचा ड्रम फिरायला लागायचा. पडद्यावर हिरवं म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. पहिल्या दिवशी मामा हात मागं बांधून बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले.

"ताई, तू स्क्रूला बंद हो म्हणलीस. पर तो थांबला, हे तुला कोनी सांगितलं?"

"हे काय, लाल झालं ना."

"तू सांगितलं म्हणून लाल झालं, का त्यानं सांगितलं म्हणून?"

मला हसू आलं. चौथी शिकलेला माणूस मला शिकवतोय! संध्याकाळी तपासून पाहिलं, तर मामांचंच खरं. बाकी यंत्रांकडून कॉम्प्युटरला उलट निरोप येत होता. स्क्रू म्हणजे जमिनीतल्या पन्हाळीत फिरत हळकुंडं पुढं ढकलणारा लांब पिळाचा दांडा. तो जुना होता, आणि त्याची परतीची वायर कुणी बसवलीच नव्हती. मी हुकूम सोडला की पडदा आपला आपणच लाल व्हायचा.

मग मामांनी धोशा लावला. रोज सकाळी दारात, "ताई, वायर?" तोवर स्क्रू साफ करायच्या आधी ते स्वतः मोटरपाशी जाऊन दांडा थांबलाय का बघायचे. मी मॅनेजरसाहेबांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, हंगाम उरकू दे. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही. इकडं मामा काही सोडेनात. एक दिवस कामाची घाई, उन्हानं जीव नकोसा झालेला, आणि मामा हजर. मी म्हणून टाकलं, "बसवली वायर. आता उगी डोकं खाऊ नका."

"परत बोल."

"बसवली म्हणते ना, मामा!"

"बराबर," म्हणाले आणि खूश होऊन गेले.

जीभ कशी झडली नाही माझी! वाटलं, मामा काय, स्वतः बघतातच. दोन-चार दिवसांत साहेबांच्या मागं लागून बसवून घेऊ.

तिसऱ्याच दिवशी स्क्रूत गोणपाट अडकलं. खालून मामांचा फोन आला, "बंद केला?" मी बटण दाबलं, लाल झालं. "बंद आहे, मामा." त्या दिवशी ते मोटरपाशी गेले नाहीत. माझ्या शब्दावर त्यांनी थेट पन्हाळीत हात घातला. मोटरचा स्टार्टर चिकटून बसला होता, माझा हुकूम जाऊनही ती थांबलीच नव्हती. वर हळदीचा थर, शेजारी ड्रमचा धडाका. दांडा फिरतोय हे ना दिसलं, ना ऐकू आलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

हिंगोलीच्या दवाखान्यात साहेब विचारपूस करायला आले. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. मामा म्हणाले, "मीच बघितलं न्हाई. दुसऱ्या कोनाची गलती न्हाई." मी तोंड उघडलं नाही. आखाडा बाळापूरचं आमचं घर माझ्या पगारावर चालत होतं, हे खरं. पण मी भ्याले, हे त्याहून खरं. वायर आठ दिवसांत बसली. मामा साखऱ्याला घरी गेले ते पुन्हा कामावर आलेच नाहीत.

महिन्यानं मी साखऱ्याला गेले. मामा ओट्यावर बसले होते. बसायच्या आधीच मी बोलले, "मामा, वायरचं मी खोटं सांगितलं होतं."

"ठाऊक हाय."

"मग साहेबांना काहून सांगितलं न्हाई?"

मामा डाव्या हातानं पट्टी चाचपत राहिले. "तुला काढलं असतं. मंग त्या खुर्चीवर नवं लेकरू येऊन बसलं असतं. त्याला शिकवायला आनखी कोनाची बोटं द्यायची?"

मी रडत होते. त्यांनी रडू दिलं.

मागच्या थंडीत मामा गेले. साहेबांसकट सगळा कारखाना आला होता. घरच्यांनी तो हात चादरीखाली झाकला होता. मला राहवलं नाही. चादर सारून तो हात मी दोन्ही हातांत धरला आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं: वायर बसवली नव्हती, मी बसवली म्हणाले, हा हात माझ्यामुळं गेला. साहेबांनी मान खाली घातली. मामी तेवढ्या जवळ सरकल्या.

"मला सांगितलं होतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "झाक आता बाई तो हात. थंडी हाय."