डेमोपुरतं

ऑफिसात तिला सगळे कुलूपताई म्हणत, तोंडावर लाडाने आणि पाठीमागे वैतागून. कंपनी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवर माहिती साठवायला, जागा भाड्याने द्यायची. इमारत एकच, भाडेकरू अनेक. दातांचा दवाखाना, शिकवणीवाले, ट्रकवाले, ज्याची त्याची खोली वेगळी. कोणी कुठल्या खोलीत शिरायचं हे कुलूपताईने ठरवायचं, अशी निदान कागदोपत्री तरी सोय होती.

प्रत्यक्षात ठरवायचे साहेब. त्यांचा आवडता शब्द 'डेमोपुरतं'. नव्या भाडेकरूची खोली नीट बांधायला वेळ लागतो, आणि साहेबांना दम कुठला? ते त्याला सरळ गिऱ्हाइकांना नमुना दाखवायच्या, डेमोच्या मजल्यावर ढकलत. त्या मजल्याची चावी अख्ख्या विक्री विभागाकडे, आणि ज्याच्याकडे मजल्याची चावी त्याला तिथली प्रत्येक खोली आपोआप उघडी. डेमोपुरतं ठेवलेलं मग वर्षानुवर्षं तिथेच पडून राहायचं. सांगून सांगून कुलूपताईच्या तोंडाला फेस आला, पण पालथ्या घड्यावर पाणी.

त्या सकाळी डेमोच्या मजल्यावर तिला एक नवं नाव दिसलं. महिलांचं निवारागृह. नवऱ्याचा मार खाऊन बाहेर पडलेल्या बायका तिथे लपून राहत. त्यांची नावं, त्या घराचे फोटो, पत्ता, सगळं त्या खोलीत होतं. त्या बायकांत तिची सख्खी धाकटी बहीण होती.

आणि बहिणीचा नवरा विक्री विभागात होता. साहेबांकडे शब्द टाकून त्याला तिनेच चिकटवला होता, या गोष्टीचा तिला स्वतःचाच संताप यायचा. बायको कुठे गेली म्हणून तो नातेवाइकांच्या दारोदार रडत फिरत होता. आणि लोक त्याची कीव करत होते!

तिने कोणालाही विचारलं नाही. खोली मजल्यावरून उचलली, वेगळी केली, विक्रीवाल्यांचा प्रवेश तोडला आणि तडक साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन काय केलं आणि का केलं ते सांगितलं.

साहेब उखडले. दुपारी निवारागृह चालवणाऱ्या बाई डेमो बघायला येणार, आणि हिने खोलीच बंद करून ठेवली. आम्हाला नियम शिकवू नका, घरची भांडणं ऑफिसात आणू नका, असं बरंच बोलले. इतकी वर्षं गिळलेला राग कुलूपताईच्या मस्तकात गेला.

"भांडण घरचं असेल, साहेब," ती म्हणाली, "पण दार तुम्ही उघडं टाकलंत."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बहिणीचा नवरा. भांग पाडलेला, शर्ट कडक इस्त्रीचा, आवाजात नुसतं लोणी. डेमोला साहेबांनी नेमकं त्यालाच बसवलं होतं.

"ताई, ते निवाऱ्याचं सकाळपर्यंत उघडत होतं, आता उघडत नाहीये. ते निळ्या फाटकाचं घर हो," असं म्हणून तो तिच्याकडे बघून हसला. "तेवढी परवानगी द्या ना. डेमोपुरती."

निळं फाटक. बहिणीने ते फोनवर तिला एकटीला सांगितलं होतं. त्या खोलीतले फोटो बघितल्याशिवाय ते याला कळणं शक्य नव्हतं.

"द्या हो, कशाला ताणताय," साहेब म्हणाले.

कुलूपताईने साहेबांच्याच टेबलावरचा फोन ओढला आणि निवारागृहाला लावला.

"माझ्या बहिणीला आत्ताच्या आत्ता तिथून हलवा," त्या दोघांकडे बघत ती म्हणाली. "सगळ्यांनाच हलवा. पत्ता फुटलाय. आमच्याकडून फुटलाय."