वाढ गं, कॉल आला

वाचकहो, एका अत्यंत गंभीर बाबीकडे आपले लक्ष वेधायचे आहे. हातात घास असेल तर कृपया खाली ठेवावा. जाहीर करण्यात येते की, मनुष्याचे पोट हे मनुष्याच्या मालकीचे नसते. कोणाचे पोट घड्याळाच्या मालकीचे असते, कोणाचे बायकोच्या, कोणाचे शेजारच्या फोडणीच्या वासाच्या. दौंड जंक्शनातल्या एका मालगाडीच्या गार्डाचे पोट मात्र सर्वस्वी एका कॉलमनच्या मालकीचे होते. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे.

घोषणा संपली. आता घास घ्यायला हरकत नाही.

हे गार्डसाहेब रेल्वे क्वार्टर्समध्ये आमच्या भिंतीला भिंत लावून राहत. स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. मी तेव्हा पार्सल ऑफिसात नवा कारकून होतो. सगळं दौंड त्यांना गार्डसाहेब म्हणे. आम्ही क्वार्टर्समधली तरणी मंडळी त्यांना मामा म्हणत असू आणि त्यांच्या बायकोला मामी. मामा मूळचे शिरूर तालुक्यातल्या केंदूरचे. भाऊ शेती करत होते, हे झेंडी दाखवत होते. देह असा की ब्रेकव्हॅनच्या, म्हणजे गाडीच्या शेपटाकडच्या गार्डाच्या डब्याच्या, दारातून आधी पोट उतरे, मग शिट्टी, मग मामा.

आता कॉलमन म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मालगाडीला वेळापत्रक नसतं. ती निघायची झाली की कंट्रोल ऑफिस ठरवतं, आणि मग एक माणूस बगलेत वही मारून गार्डाच्या नि ड्रायव्हरच्या घरी जातो, कडी वाजवतो आणि ओरडतो. त्याला कॉल म्हणतात. वहीत सही केली की तासा-दोन तासांत माणसानं गाडीवर हजर व्हायचं. सकाळ असो, दुपार असो, सत्यनारायणाची पूजा चालू असो.

आमच्या बाजूचा कॉलमन होता मुलाणी. उंच, सडपातळ, पांढरी टोपी. त्याचं घराणं दौंडमध्ये कितीतरी पिढ्यांचं. तो कडी दोनदा हाणायचा, क्षणभर थांबायचा आणि मग असा काही सूर लावायचा की समोरच्या लिंबावरचे पक्षी उडावेत. "गार्डसाऽऽहेब, कॉऽऽल!"

आणि वाचकहो, इथे बघा. मामा त्या क्षणी काय करत असतील ते असो, त्यांचा उजवा हात पोटावर जायचा. मग बाह्या वर सरकायच्या. मग तोंडातून तेच चार शब्द निघायचे, "वाढ गं, कॉल आला."

भूक आहे का नाही, हा प्रश्नच नव्हता. याला कारण होतं. नवे गार्ड असताना त्यांची गाडी कुठल्याशा आडस्टेशनावर बाजूच्या रुळावर टाकली गेली आणि दिवसभर तिथेच विसरली गेली. आसपास गाव नाही, झाड नाही, पोटात सकाळचा चहा. त्या दिवशी मामांनी जणू शपथ घेतली की पुढे कधी रिकाम्या पोटी ब्रेकव्हॅनमध्ये पाय ठेवायचा नाही. "फुडचा घास कुठल्या सिग्नलला मिळंल, कुनी सांगितलंय?" असं म्हणत ते पितळीपुढे बसायचे आणि इंजिनात कोळसा मारावा तसे घास मारायचे.

मामी हातात भाकरी घेऊन म्हणायची, "अवो, सावकाश! गाडी काय पळून जात न्हाई."

"जाईल कशी? हिरवी झेंडी माझ्या हातात हाय."

हा संवाद भिंतीपलीकडून मी इतक्यांदा ऐकला आहे की माझ्या बायकोला तो पाठ झाला होता. मी घाईत जेवायला लागलो की ती मामांच्या आवाजात म्हणायची, "झेंडी कुठंय?"

एका होळीला मामांकडे पुरणपोळीचं जेवण होतं. मामा चार माणसांचं जेवले, ढेकर दिली, पान लावायला घेतलं. पंगत अजून उठायची होती. तेवढ्यात कडी वाजली. "गार्डसाऽऽहेब!" मामांनी पान बाजूला ठेवलं, बाह्या सारल्या आणि त्याच ताटापुढे पुन्हा मांडी घातली. पाहुणे घास हातात धरून बघत राहिले. आणि खरी गंमत पुढेच. इंजिन बिघडलं, कॉल रद्द झाला, संध्याकाळी नवा कॉल आला. मामा तिसऱ्यांदा जेवले. बरं, याच्या उलट सुट्टीचा दिवस. मामी दोन-दोनदा वाढून हाक मारायची. मामा पितळी सारून म्हणायचे, "आज रेस्ट हाय. पोटालाबी रेस्ट."

रेल्वेत अधूनमधून डॉक्टरी तपासणी व्हायची. डॉक्टर कोकणातले, हसऱ्या डोळ्यांचे गृहस्थ होते. मी माझ्या खोकल्यासाठी तिथे बसलो होतो म्हणून हे कानांनी ऐकलं.

डॉक्टरांनी विचारलं, "गार्डसाहेब, दिवसातून किती वेळा जेवता?"

"साहेब, ते कंट्रोलला इचारा."

डॉक्टर इतके हसले की नळी कानातून काढून ठेवावी लागली. मग मात्र गंभीर झाले. लघवीत साखर दिसू लागली होती. ते म्हणाले, "पोट हेही एक स्टेशन आहे, साहेब. एक गाडी खाली व्हायच्या आत तुम्ही त्याच रुळावर दुसरी घेता, मग तिसरी. पोटाला सवय लागते. रोज ठरल्या वेळी जेवलात तर ते आधीपासून तयारीला लागतं, रस सुटतात, अन्न अंगी लागतं. तुमच्या पोटाला वेळच माहीत नाही. दोनदा जेवा. दुपारी एकदा, दिवस मावळायच्या सुमाराला एकदा. मधे काही नाही. आणि जेवून लगेच आडवं व्हायचं नाही."

मामांनी मान डोलावली आणि घरी येऊन प्रामाणिकपणे प्रयत्नही केला. मामीनं ठरल्या वेळी वाढलं. मामा ताटापुढे बसून राहिले. रेल्वेत सिग्नलचा हात खाली पडला म्हणजे रस्ता मोकळा. मामा पोटावर हात ठेवून म्हणाले, "सिग्नल पडंना." चार दिवसांनी कॉल आला नि पथ्य गाडीखाली गेलं.

अशी ती वर्षं गेली आणि मामा रिटायर झाले. हार, नारळ, भाषण. क्वार्टर सोडलं, दोघं केंदूरला गेली. आम्हाला वाटलं, आता माणूस भावाच्या रानात निवांत राहील, वेळच्या वेळी भाकरी खाईल, पोट उतरेल. पोट उतरलं हो! पण मागे काहीच उरेना.

शेतकऱ्याच्या घरी जेवणाच्या वेळा सूर्यासारख्या पक्क्या. सकाळी न्याहारी, ऊन डोक्यावर आलं की बांधावर भाकरी, दिवे लागताना रात्रीचं जेवण. सगळं घर भरल्या तोंडानं जेवायचं आणि मामा भिंतीला टेकून बघायचे. धाकटा भाऊ विनवायचा, "दादा, दुधात भाकर कुस्करून देऊ का?" मामा म्हणायचे, "भूकच न्हाई रं." कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं दौंडचं पाणी सुटलं म्हणून. गळ्याची हाडं दिसू लागली. शेवटी शिरूरला एस. टी. बदलून मामी त्यांना दौंडला घेऊन आली. मी स्टँडवर उतरवून घ्यायला गेलो होतो. मामांची पिशवी मी घेतली, आणि खरं सांगतो, मामांपेक्षा पिशवी जड वाटली.

त्याच डॉक्टरांनी तपासलं. छाती ठीक, पोटात गाठ नाही, ताप नाही. मामीला बाजूला घेऊन ते म्हणाले, "रोग सापडत नाही. पण हा माणूस जेवला नाही तर पावसाळा काढणार नाही."

मी त्यांना गावात एक खोली बघून दिली. गल्लीत समोरच एक इंजिन ड्रायव्हर राहत होता. दुसऱ्या दिवशी ऊन चढत होतं, मामा भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडले होते. मामी चुलीशी बसून नुसती बघत होती, कोणासाठी रांधायचं? तेवढ्यात समोरच्या ड्रायव्हरच्या दाराची कडी दोनदा वाजली.

"डायवरसाऽऽहेब, कॉऽऽल!"

खाटेवरचा उजवा हात हलला. पोटावर आला. बाह्या वर सरकल्या. "वाढ गं, कॉल आला."

घरात होती फक्त शिळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मामा उठून बसले आणि दोन्ही संपवून पाणी प्यायले. मामी उठली. पितळी उचलली, घासून पालथी घातली आणि डोक्यावरचा पदर सावरत थेट माझ्या पार्सल ऑफिसात आली. "आरं, त्या मुलाण्याला माझ्याकडं धाड."

मुलाणी आला, सगळं ऐकलं आणि कानाला हात लावले. "मामी, नोकरीत आजपातुर खोटा कॉल दिला न्हाई मी. दुसरं काय बी सांगा."

"खोटा कसा? जेवाय बोलावनं खोटं आसतं व्हय?"

मुलाणी टोपी काढून झटकू लागला. मग म्हणाला, "देतो. पर वही आननार न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. एक कॉल दुपारी, एक दिवस मावळायच्या सुमाराला. दोन्ही वेळा डॉक्टरांनी सांगितलेल्या. मुलाणी आपल्या फेरीतून वाट वाकडी करून यायचा. कडी दोनदा, मग सूर. मामा आतून विचारायचे, "कुठली रं?" "मनमाडची माल, साहेब." "इंजिन बरं हाय का?" "पळतंय." मग मुलाणी तळहात पुढे करायचा, मामा त्यावर बोटानं झोकात सही करायचे आणि जेवायला बसायचे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची मालगाडी वेळेवर धावू लागली. कॉल दोनच, म्हणून जेवणं दोनच. महिन्या-दोन महिन्यांत गालावर मांस आलं. साखर उतरली. डॉक्टरांनी मामीला विचारलं, औषध कोणाचं? मामी म्हणाली, "मुलाण्याचं." डॉक्टरांनी पहिल्यांदा गावातल्या हकिमाचं नाव समजून कागदावर लिहूनही घेतलं.

तुम्ही विचाराल, मामांना हे खरं वाटत होतं का? मलाही तीच उत्सुकता होती. एकदा मुलाण्याला यायला उशीर झाला, तेव्हा मामीनं स्वतः बाहेर जाऊन कडी वाजवली. आतून आवाज आला, "आगं, आत ये. कॉलमनची कडी अशी वाजत न्हाई. त्यो आला की वाढ."



रमजान ऑक्टोबरच्या उन्हात आला त्या वर्षीची गोष्ट. भर दुपारी, घशाला कोरड, ओठ सुकलेले, अशा अवस्थेत मुलाणी रोज दारात उभा राहून दुसऱ्याला जेवायला हाक मारत होता. मामांच्या ते ध्यानात आलं. सही करता करता म्हणाले, "मुलाणी, तुझा कॉल कवा रं?"

"दिवस बुडल्यावर, साहेब. आमचा कॉलमन मशिदीत आसतो."

 त्या संध्याकाळी मुलाण्यानं कॉल दिला, सही झाली, पण मामा ताटापुढे बसेनात. "गाडी जरा थांबवू. क्रॉसिंग हाय," म्हणाले. अजान झाली, मुलाण्यानं ओट्यावर बसून खजूर तोंडात टाकला, तेव्हा मामांनी पहिला घास घेतला. पुढे महिनाभर ती गाडी अजानीची वाट बघत उभी राहायची.

काही वर्षं हे असं चाललं. मग एका थंडीत, दुपारचं जेवण झाल्यावर, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आडवे न होता मामा खुर्चीत बसले होते, ते तसेच गेले. संध्याकाळचा कॉल घेऊन मुलाणी आला आणि दारातली माणसं बघून कडीला हात न लावता उभा राहिला.

दहाव्याला आम्ही भीमेच्या काठी जमलो. केंदूरहून सगळे भाऊबंद आले होते. पिंड मांडला, मंडळी मागे सरली. कावळे समोरच्या बाभळीवर होते, चांगले पाच-सहा. एकही खाली येईना. धाकट्या भावानं हात जोडून सांगितलं, वैनीला अंतर देणार न्हाई. कावळे पिसं साफ करत राहिले. थोरला म्हणाला, तुझ्या वाटणीचं रान हाय तसं ऱ्हाईल. काही नाही. भटजी सूर्याकडे बघू लागले. ऊन माथ्यावर आलं. कावळा शिवल्याशिवाय कोणाला जेवता येणार नाही, आणि माझ्यासकट सगळ्यांची पोटं बोलायला लागली होती. मामी मात्र सुन्न बसली होती. तोंडानं एकच पुटपुटत होती, "उपाशी गेलं का वो? उपाशी का ठेवता?"

मग तिनं मान वर केली आणि गर्दीच्या मागे बघितलं. मुलाणी तिथे टोपी नीट करत उभा होता.  तो पुढे आला. माणसांनी वाट दिली. नदीकाठी कडी कुठली? शेजारी पाणी घालायला आणलेली कळशी होती, तिच्यावर त्यानं बोटाच्या पेरांनी दोनदा हाणलं. क्षणभर थांबला.

"गार्डसाऽऽहेब, कॉऽऽल! मनमाडची माल!"

बाभळीवरून एक जाडजूड कावळा सुटला, सरळ पिंडावर येऊन बसला आणि असा काही तुटून पडला की भाताची शितं चहूकडे उडाली. भटजींनी श्वास सोडला. भाऊ रडायला लागले. आणि मामी, भरल्या घाटावर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"अवो, सावकाश! गाडी काय पळून जात न्हाई!"