एका चेंडूसाठी तीनदा डोंबिवली

आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझा एकही सामना कधी पाहिला नाही. फुटबॉलवेड्या कोल्हापुरात राहून हे जमवणं सोपं नाही, पण त्यांनी जमवलं. मी निघालो तेव्हा दुकानाच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "जा, त्या अमेरिकनाला विचार. चेंडूनं पोट भरतं म्हणाला तर खेळ खुशाल. नाही म्हणाला तर शनिवारची मॅच सोडायची आणि इथं गादीवर बसायचं. गुळाचा हंगाम तुझ्यासाठी थांबत नाही." मी शब्द दिला.

शनिवारी फायनल होती. तेरा वर्षं मी आमच्या पेठेतल्या तालमीच्या संघाचा गोल राखतोय आणि फायनलला प्रथमच पोचलो होतो. तेवढ्यात ठाण्याहून मामेभाऊ वसंताचं पत्र आलं. पूर्वी पगार घेऊन फुटबॉल खेळलेला हॅरी नावाचा एक अमेरिकन मोहन्याच्या नव्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलाय, ओळख करून देतो, ये. पगार घेऊन चेंडू मारणारा माणूस! तालमीत कुणाचा विश्वास बसेना. आबांचा तर अजिबातच नाही.

रविवारी सकाळी कल्याणला गाडी बदलली, डोंबिवलीवरून पुढे ठाण्याला उतरलो. वसंता कचेरीत कारकून. अंगात इस्त्रीचा शर्ट घालून तयारच होता. म्हणाला, "चल दादा, परत कल्याणला जायचंय."

"अरे, मी कल्याणहूनच आलो!"

"हो, मोहने तिकडेच. पण मी इथे राहतो ना."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पत्रात एक ओळ लिहायला याचा काय हात मोडला होता? पुन्हा डोंबिवली मागे टाकली, पुन्हा कल्याण. तिथून शहाडपर्यंत टांगा. टांगेवाला घोड्याशी बोलत होता आणि घोडा ऐकत नव्हता. मग होडीनं उल्हास नदी ओलांडली. पाणी संथ, काठाला गवत, दूरवर कारखान्याची अर्धी उभी चिमणी. एरवी मी दोन घटका बसून पाहिलं असतं. पण डोक्यावर ऊन आणि शेजारी वसंता, त्यामुळे निसर्गाला माझ्याकडून फारसा न्याय मिळाला नाही.

कारखान्याच्या फाटकावर गावातलेच एक म्हातारे पहारेकरी होते. आम्हाला पाहून हसले. "गोऱ्याला शोधताव? त्याला तं सकालीच नेलाय डोंबिवलीला. सत्कार हाय."

मी वसंताकडे पाहिलं. वसंता चिमणीकडे पाहू लागला.

म्हाताऱ्यांनी मात्र सोडलं नाही. "उन्हाचं कुठं जाताव? भाकर खावा आंदी." त्यांच्या घरी तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) खाल्ली. त्या अख्ख्या दिवसात मला ज्याबद्दल काही तक्रार नाही, अशी ती एकच गोष्ट.

तिसऱ्यांदा डोंबिवली आली तेव्हा उन्हं कलली होती. स्टेशनपासून दहा मिनिटांवर भात कापलेलं शेत सपाट करून मैदान केलं होतं, दोन्ही टोकांना बांबूचे गोल. बावीस पोरं अनवाणी, गणवेश घालून एका बाजूला ताटकळत बसली होती. मध्ये मांडव, आणि मांडवात भाषण चालू.

हॅरीसाहेब चाळिशीचा, लालबुंद, रुंद खांद्यांचा माणूस. गळ्यात पाच हार, अंगावर शाल, मांडीवर नारळ. सामन्यात दहा मिनिटं खेळायला मिळेल असं सांगून त्याला आणलं होतं, हे मला नंतर कळलं. त्याची नजर मांडवाबाहेरच्या चेंडूवर होती.

"मी दोनच शब्द बोलणार आहे," असं म्हणून प्रत्येक जण उठत होता. एका वक्त्यानं श्रीकृष्ण हाच पहिला फुटबॉलपटू, हे यमुनेच्या डोहापासून सिद्ध केलं. दुसऱ्यानं पहिल्याचं सविस्तर खंडन केलं. अहो, सूर्य काय तुमच्या कमिटीचा सभासद आहे, थांबायला? आभार मानायलाच तिघे जण होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

चहाच्या वेळी मी घुसलो. साहेबाचं बोलणं मराठीत सांगायला लेलेमास्तर बसले होते. मी म्हणालो, "मास्तर, एवढंच विचारा. चेंडूनं पोट भरतं का?"

मास्तर दचकले. "छे छे! पाहुण्याला मिळकत विचारतात का कुणी?"

"तीन वेळा डोंबिवली पाहिली मी या प्रश्नासाठी!"

"तरीही. बरं दिसत नाही."

झालं, इथं घोडं अडलं. शेवटी मीच पुढे झालो. चेंडूकडे बोट दाखवलं, माझ्या पोटावरून हात फिरवला आणि मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. लगेच एका कार्यकर्त्यानं माझ्यापुढे चिवड्याची बशी आणून ठेवली.

पण साहेबाला कळलं. तो खो खो हसला आणि मग बराच वेळ बोलला. मास्तरांना सांगणं भाग पडलं. "ते म्हणतात, नाही. वडील कापडगिरणीत, हेही तिथेच फिटर. सहा दिवस यंत्र, सातव्या दिवशी चेंडू, अशी बारा वर्षं. खेळाच्या पगारात घरभाडंसुद्धा सुटत नसे. गल्लीतले लोक विचारत, हा कुठला खेळ खेळतोस रे तू? मग गुडघा गेला."

नाही. एवढ्या लांब येऊन हेच ऐकायचं होतं! अमेरिकेत भरत नाही, तर कोल्हापुरात काय भरणार? मला रडू यायचं बाकी राहिलं. गुळाची ढेप डोळ्यांसमोर दिसू लागली.

"मग बारा वर्षं खेळला कशाला?" मी जवळजवळ ओरडलोच.

मास्तरांनी हा प्रश्न मात्र मुकाट्यानं विचारला. साहेबानं एकेक करून पाचही हार काढले, शाल घडी केली, नारळ मास्तरांच्या मांडीवर ठेवला आणि लंगडत मैदानात उतरला. वक्ते उभे राहिले. "अहो, अजून अध्यक्षीय भाषण आहे!" कुणी ऐकलं नाही. मला बोटानं खुणावून तो म्हणाला, "यू. गोल."

मी धोतराचा काचा मारला आणि बांबूंमध्ये उभा राहिलो. उजेड जेमतेम उरला होता. साहेबानं चेंडू ठेवला, चार पावलं मागे गेला, गुडघा चोळला. मारला तो पायातल्या रोजच्या बुटानंच. आवाज ऐकला आणि चेंडू डावीकडे येताना दिसला. मी झेप घेतली. बोटं लागली, नक्की लागली, आणि चेंडू त्यांना वाकवून आत गेला.

बावीस पोरं ओरडत मैदानात शिरली. साहेब गुडघा धरून खाली बसला होता आणि लहान मुलासारखा हसत होता. माझं मधलं बोट वांग्याएवढं झालं होतं. वसंता म्हणाला, "दादा, मी सांगितलं होतं ना, भेट घालून देतो!" दुखत नसतं तर त्याच हातानं त्याला एक ठेवून दिली असती.

मंगळवारी सकाळी कोल्हापूर. आबा गादीवरच होते.

"काय म्हणाला?"

"नाही म्हणाला. पोट भरत नाही."

"हं," आबा म्हणाले आणि बाजूला सरकून त्यांनी मला जागा करून दिली. मी बसलो. दिला शब्द होता. पोत्यांवर माश्या बसत होत्या, रस्त्यावरून आमच्या तालमीची पोरं सरावाला निघाली होती. मी तिकडे पाहिलं नाही.

आबांची नजर माझ्या हाताकडे गेली. "बोटाला काय झालं?"

"त्यानं एक चेंडू मारला. मी गोलात होतो."

तेरा वर्षांत ज्या माणसानं मला हरलास की जिंकलास एवढंही विचारलं नव्हतं, तो तराजू खाली ठेवून माझ्याकडे वळला.

"अडवलास?"

"नाही. बोटाला लागून आत गेला."

आबा माझ्यावर असे चिडले, जणू गल्ल्यातला खोटा रुपया मीच घेतला होता. "एवढ्या लांब गेलास, बोट मोडून घेतलंस, आणि अडवला नाहीस?" मग त्यांनी आतून हळद मागवली, स्वतःच माझ्या बोटाला लावली, नको तेवढ्या जोरात दाबली आणि म्हणाले, "ऊठ इथनं. शनिवारचा तरी अडव."