जावयाची मोटार

कमलनगरच्या आमच्या मोटार-पंप दुरुस्तीच्या शाखेला कंपनीनं उत्तम सेवेचा मान दिला, तेव्हा मी व्यवस्थापक होतो. हार माझ्या गळ्यात पडला. काम माझं नव्हतं.

दुरुस्तीनंतर गिऱ्हाइकाला फोन करून "काम कसं झालं?" असं विचारायचा नियम होता. सगळे "चांगलं हाय" म्हणायचे. आमच्या भागात तोंडावर कुणी कुणाला वाईट म्हणत नाही. तक्ते 'उत्तम'नं भरायचे आणि गिऱ्हाईक गुपचूप उदगीरच्या दुसऱ्या दुकानात जायचं.

हे ओळखलं काउंटरवरच्या बाईंनी. त्या हळ्ळीखेडच्या, मराठी-कन्नड सारख्याच सहज बोलणाऱ्या. एकदा स्पीकर लावून त्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी बोलत होत्या.

"अप्पा, तुमच्या जावयाची मोटार जळाली तर आमच्याकडं धाडताव का?"

पलीकडून अप्पा म्हणाले, "जावयाला कामून मधी आणायलीस? माझी चालायलीय की. जरा घरघर करायलीय."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"तुझ्या मिस्त्रीला वाईट वाटंल, अक्का."

"वाटू द्या. उद्या त्यालाच धाडते."

शेजारी बसलेला मिस्त्री मान खाली घालून हसला. दुसऱ्या दिवशी जाऊन बेअरिंग बदलून आला. पुढं त्या प्रत्येकाला तसंच विचारू लागल्या आणि मिस्त्रीला शेजारी बसवून ऐकवू लागल्या. गेलेलं गिऱ्हाईक परत आलं.

बैठकीत मोठ्या साहेबांनी विचारलं, "कल्पना कुणाची?" मी म्हणालो, "माझी." मला कलबुर्गीला बढती मिळाली. त्या काउंटरवरच राहिल्या, आणि कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत.

मी निवृत्त झाल्यावर, यंदा कंपनीला सगळ्या शाखांच्या लोकांना शिकवायला माणूस हवा होता. बाईंनी अर्ज केला, पण पदवी नव्हती. केलेल्या कामाचा दाखला मागितला गेला. त्यांचा मला फोन आला, "साहेब, दोन ओळी लिहून देताव का?"

मी दोन पानं लिहिली. बैठकीत खोटं बोललो, तेही लिहिलं.

"एवढं कामून लिहिलाव?" त्या म्हणाल्या. "दोन ओळी पुरल्या असत्या."

"खरं न्हाई का?"

"खरं हाय. म्हणूनच तसंच पाठवलं."

ती जागा त्यांना मिळाली. माझी बढती, मुलींची शिक्षणं, सगळं त्यांच्या हुशारीवर झालं. हे मान्य करायला मला म्हातारपण यावं लागलं.

पहिल्या वर्गाला त्यांनी मला बोलावलं. जेवताना नव्या मिस्त्रींना म्हणाल्या, "हे आमचे साहेब. मी शिकलेली न्हाई म्हणून कुणी फोनला हात लावू देत नव्हतं. यांनी लावू दिला."

तेवढं मात्र मी केलं होतं. मी ताटाकडं बघत राहिलो.