वडिलांचे कान

भूकंपानंतर नवी गावं बसत होती, तेव्हा वडील खडीक्रशरवर कामाला होते. त्या धडधडीनं त्यांचे कान गेले. पुढं मी लातूरला मेडिकलच्या क्लासला असताना सरांनी शिकवलं, की मोठ्या आवाजानं मेलेल्या कानातल्या पेशी कोंबडीला परत येतात, माणसाला येत नाहीत.

तरी सुट्टीत वडिलांना नांदेडच्या कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. पेशी पुन्हा उगवायचं औषध निघालंय का, विचारलं.

"संशोधन चालू आहे, पण देण्यासारखं अजून काही नाही," डॉक्टर म्हणाले.

वडील माझ्या तोंडाकडं बघत होते. "काय म्हणायलेत?"

मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं.

"बरं होईल म्हणाले न्हवं?" वडील हसले.

मला पुन्हा ओरडवेना. मी मान हलवली.