कुंकू लावलेला पाना

"चावी दे. आणि बाहेर थांब. जरा आमच्या बुटांकडे लक्ष ठेव."

साहेब हे हसत म्हणाले. खंडेनवमी होती. ठाकुर्लीच्या अलीकडे, रुळांलगत आमची रिले रूम. सिग्नल लाल-हिरवे करणारी यंत्रणा त्या खोलीत. दाराला दोन कुलपं. एकाची चावी स्टेशन मास्तरकडे, दुसरी माझ्याकडे. वर्षभर तिथे दुरुस्तीला मीच असतो. त्या दिवशी आत पूजा होती.

"तुम्हा जयभीमवाल्यांत हे चालत नाही ना, म्हणून म्हटलं. वाईट वाटून घेऊ नकोस हं."

माझ्या श्रद्धेची इतकी काळजी या गृहस्थाने आधी कधी केली नव्हती. मी चावी दिली. ती पूजेच्या ताटात ठेवली गेली.

सकाळी दार मीच उघडून दिलं होतं, माझी हत्यारं तेव्हाच आत गेली होती. पाटावर लाल कापड, त्यावर माझा पाना, त्याला हळदकुंकू, वर झेंडू. पाना चालला. पाना धरणारा हात चालला नाही. साहेबांनी पान्याला डोळे मिटून नमस्कार केला. त्यांची त्याच्याशी ओळख तेवढीच.

मी बाहेर. समोर सात-आठ जोड बूट. साहेबांचे चकचकीत.

तेवढ्यात फोन आला. पॉइंट अडकला होता. रूळ बदलत नव्हता, गाडी उभी.

मी दारातून म्हटलं, "साहेब, माझी हत्यारं द्या."

"अरे, आरती व्हायचीय. पूजेतलं हत्यार असं मध्येच उचलत नाहीत."

"मग गाडीला तसं कळवा."

कोणीतरी फिसकन हसलं. साहेब चिडले. "गुरुजी, द्या त्याला पाना. ए, तू आत येऊ नकोस."

गुरुजींनी पाना उंबऱ्याकडे सरकवला. माझा हात लागू नये, इतक्या बेताने.

जमिनीवरचा तो पाना मी बघत राहिलो. वाकलो असतो, तर दर नवमीला वाकावं लागलं असतं.

मी आत गेलो. रांगोळीवरून.

"बूट! अरे, बूट!" साहेब ओरडले.

"हे माझे आहेत, साहेब. तुमच्या बुटांकडे आता तुम्हीच लक्ष ठेवा."

ताटातली चावी उचलली, पाटावरची बाकीची हत्यारं उचलली. जाताना पाना उचलला, आतल्या बाजूने. कुंकवासकट. पॉइंटवर ते ग्रीसमध्ये मिसळलं. गाडी सुटली.

आता कारवाई होणार म्हणतात. शिस्तभंग, भावना दुखावल्या वगैरे. होऊ दे. भावना नेहमी बूट बाहेर काढून बसलेल्यांच्याच दुखावतात.

चावी माझ्या खिशात आहे. यापुढे ते दार उघडेल तेव्हा आधी मी आत जाईन. नाहीतर ते उघडणार नाही.